हूक पुढे घ्या

अंतर्वस्त्रं बनवणारे कारखानदार, त्यांच्याकडचे डिझायनर आणि कटिंग मास्तर यांस,



मी मिरजेत शिवणक्लास चालवते. ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश हे सगळं शिवत आलेच, पण गेल्या काही वर्षांत त्यात एका कामाची भर पडली आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी मी आतले कपडे शिवते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरकडून लोक येतातच, शिवाय कोकणातून आणि पलीकडे बेळगाव-विजापूरकडूनही येतात. त्यातली एखादी बाई टाके निघाले की कुणाकडून तरी पत्ता काढून माझ्याकडे येते, क्लासच्या मुली गेल्याची खात्री करते, दार लोटून घेते आणि पिशवीतून एक ब्रा काढते. ती बहुधा तुमच्यापैकीच कुणाच्या तरी कारखान्यातली असते. कापड चांगलं असतं, शिलाई सरळ असते, किंमतही अवाच्या सवा नसते. तिला ती घालता येत नाही, एवढंच.

का येत नाही, हे तुम्हाला सांगणारं कुणी भेटलं नसावं. दुकानदार सांगत नाही, कारण त्याला कुणी सांगत नाही. बाई दुकानदाराला सांगत नाही, कारण काउंटरपलीकडे बहुतेक ठिकाणी पुरुष असतो आणि ती आकडा सांगून, पिशवी बांधून घेऊन कधी एकदा बाहेर पडते असं तिला झालेलं असतं. डॉक्टरांपुढे रांग असते. घरचे म्हणतात, जीव वाचला ना, मग कपड्याचं काय घेऊन बसलीस. म्हणून म्हटलं आपणच लिहावं, आणि शिवणाऱ्याने शिवणाऱ्याला लिहावं तसं लिहावं.

सुरुवात हुकापासून करते. या ऑपरेशनात बगलेतल्या लसिकाग्रंथीही काढतात, कधी दोन-चार, कधी बऱ्याच. कॅन्सर पुढे सरकलाय का, ते तिथे कळतं. त्यानंतर कित्येक आठवडे तो हात खांद्याच्या वर जात नाही, आणि पाठीमागे वळून कमरेच्या वर तर अजिबात जात नाही. फिजिओथेरपीवाल्या बाई भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम देतात. पहिल्या दिवशी बोटं छातीच्या उंचीपर्यंतही पोचत नाहीत आणि बाई रडकुंडीला येते. आता या बाईने दोन्ही हात पाठीमागे नेऊन, न बघता, बारीक तारेचे दोन किंवा तीन हूक नेमक्या आकड्यांत अडकवायचे, असं तुमची ब्रा तिला सांगते. मग ती काय करते? हूक पुढच्या बाजूला लावते आणि पट्टा गर्रकन पाठीमागे फिरवते. तसं फिरवताना इलॅस्टिक ओल्या व्रणावरून घासत जातं. नाहीतर सुनेला हाक मारते. काही बाया तेही करत नाहीत, ब्रा घालायचीच सोडून देतात, आणि मग घराबाहेर पडायचंही टाळायला लागतात.

गंमत अशी की हा प्रश्न आपल्याकडच्या शिंप्यांनी कधीच सोडवून ठेवला आहे. साडीवरच्या साध्या ब्लाउजला हूक पुढे असतात. त्याच्या आधीची खणाची चोळी पुढे गाठ मारूनच घालायची. कुठल्याही आजीला विचारा, बाळंतीण असो, हात मोडलेला असो की सांधे धरलेले असोत, चोळी तिची तिला घालता येत होती. त्याच ब्लाउजच्या आत घालायचा कपडा मात्र आपण पाठीवर उघडणारा शिवतो. कॅटलॉगमध्ये पुढून उघडणाऱ्या ब्रा असतात, मला माहीत आहे. पण त्यातल्या बऱ्याच नटव्या असतात. कपांच्या मध्ये प्लास्टिकचा एक चिमुकला खटका, खाली तार, पाठीला जाळी. तो खटका एका हाताने उघडत नाही आणि कपड्यांच्या मशिनमध्ये दहा धुण्यांत तुटतो. मी म्हणते ती पुढची पट्टी ब्लाउजसारखी असावी : रुंद, आतून अस्तराची जीभ असलेली, म्हणजे हूक कातडीला लागणार नाहीत. आणि हूक मोठे हवेत. याचं कारण फक्त खांदा नाही. केमोथेरपीत पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध बऱ्याच जणींना देतात, त्याने बोटांची टोकं बधिर होतात आणि मुंग्या येतात. माझ्याकडे आलेली एक बाई जन्मभर भरतकाम करत होती. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तिने तुमचा दोन मिलिमीटरचा हूक कसा शोधायचा? वेल्क्रोचं म्हणाल तर मी लावून पाहिलं आहे. त्यात धुण्यातले धागे अडकतात, मग ते धरत नाही, आणि कडा मात्र बोचत राहतात. साडीला लागलं तर साडीचा धागा ओढतं ते वेगळंच.

आता ड्रेनबद्दल. मोठं ऑपरेशन झालं की जखमेत साठणारं पाणी बाहेर काढायला एक-दोन नळ्या बगलेखाली टाकतात आणि त्यांच्या टोकाला दाबून ठेवलेली प्लास्टिकची बाटली लावतात. पाणी रोज साधारण 30 मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. त्याला आठ-दहा दिवस लागतात, कधी जास्तही. तोवर दवाखान्यात कोण ठेवतंय? बाई बाटली घेऊनच घरी जाते. आपल्याकडे ती कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवतात आणि वरून पदर घेतात. तशा पिशवीसकट एसटीने जतला किंवा चिपळूणला जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. गाडी खड्ड्यात आदळली की नळीला हिसका बसतो आणि बाईचा चेहरा पांढरा पडतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या ब्राला, हवं तर बंडी म्हणा, खालच्या पट्ट्यावर आतून कापडाचे दोन लूप आणि बाहेरून एक सुटा खिसा लावला, की ती बाटली अंगाशी बसते, लोंबत नाही. खिसा काढता-घालता यावा, कारण नळी निघाल्यावर त्याचं काही काम नसतं. लावायला एक चौकोनी तुकडा आणि चार टिचबटणं पुरतात. यात तुमचा खर्च किती वाढेल याचा हिशेब तुमचा मास्तर माझ्यापेक्षा लवकर करील.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा मुंढ्याची आहे, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. बगलेतल्या ग्रंथी काढताना तिथून दंडाकडे जाणारी एक संवेदनेची नस बरेचदा कापली जाते किंवा दुखावते. त्यामुळे बगल आणि दंडाची आतली बाजू बधिर होते, कधीकधी कायमची. तुम्हाला-मला मुंढ्याचं इलॅस्टिक काचलं तर दोन मिनिटांत कळतं आणि आपण बोट घालून ते सैल करतो. तिला कळत नाही. संध्याकाळी कपडे बदलताना लाल वळ दिसतो, कधी कातडी सोललेली दिसते. आणि ग्रंथी काढलेल्या हाताला छोटी जखमसुद्धा परवडत नाही. तिथे जंतुसंसर्ग झाला तर हात सुजतो, आणि ती सूज काही जणींची जन्माची सोबतीण होते. लिम्फेडेमा म्हणतात तिला. अरुंद, ताणलेला खांद्याचा पट्टा तिथून वाहणाऱ्या लसिकेच्या वाटेवरच दाब देतो. म्हणून मुंढ्याला इलॅस्टिक नकोच. उरेब कापलेली मऊ पट्टी लावा. बगलेची बाजू नेहमीपेक्षा उंच घ्या, म्हणजे तिथली सुजलेली, लोंबणारी कातडी कापडाच्या आत राहील, काठावर चिमटली जाणार नाही. खांद्याचा पट्टा निदान दीड इंच रुंद ठेवा. आणि शिवणी बाहेरच्या अंगाला घ्या. ओव्हरलॉकची खरखरीत कड आत कातडीकडे आणि गुळगुळीत बाजू जगाला दाखवायला, हा आपल्या धंद्याचा रिवाज आहे. ही ब्रा ब्लाउजच्या आत जाणार आहे, जग ती बघणार नाही. कॉलरमागच्या लेबलासारखं ते टोचरं लेबलही काढा आणि कापडावरच छापा.

रेडिएशनचं प्रकरण वेगळं आहे. आमच्याकडे बायका त्याला शेक म्हणतात. बऱ्याच ठिकाणी आता पंधरा वेळा देतात, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे तीन आठवडे. त्याच्या शेवटी शेवटी आणि नंतरच्या एक-दोन आठवड्यांत कातडी काळी पडते, सोलते. जिथे कातडीला कातडी लागते तिथे, म्हणजे स्तनाखालच्या वळीत आणि बगलेत, सगळ्यात जास्त. ब्राचा खालचा पट्टा नेमका त्याच वळीत बसतो. या दिवसांत डॉक्टर ब्रा घालूच नका म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण नोकरीवर जाणाऱ्या बाईला, घरात सासरे-दीर असलेल्या बाईला ते जमत नाही. भारतातल्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. चाळिशी-पंचेचाळिशीच्या, मुलांचे डबे भरून कामावर जाणाऱ्या कितीतरी जणी यात असतात. त्यांच्यासाठी पट्टा वळीच्या दोन-अडीच इंच खाली, बरगड्यांवर उतरवलेली, मलमलीच्या अस्तराची सैल बंडी हवी. अस्तराचा रंग गडद ठेवा. रेडिएशनसाठी छातीवर शाईच्या खुणा करतात, त्या पुसायच्या नसतात, आणि पांढऱ्या कापडाला लागलेली ती शाई कशानेही निघत नाही. रंगावरून आठवलं, तुमच्या ‘स्किन कलर’ची कातडी मी अजून या जिल्ह्यात पाहिलेली नाही. मरून, काळा, गर्द निळा द्या. बायका घेतात.

आणखी एक बारीक गोष्ट. केमोसाठी काही जणींच्या गळ्याच्या हाडाखाली, बऱ्या बाजूला, कातडीखाली एक पोर्ट बसवतात. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा उंचवटा दिसतो. ब्राचा पट्टा बरोबर त्यावरून जातो. पट्टा बाहेरच्या बाजूला सरकवता येईल अशी दुसरी जागा ठेवली तर हे टळतं. बस, एवढंच.

आता ज्याच्यासाठी बायका मुळात माझ्याकडे येतात, त्या भरावाकडे येते.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हे नीट कळणार नाही. बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे ऑपरेशन रूढ केलं, त्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. छातीची एक बाजू बरगड्यांपर्यंत खचायची. कित्येक दशकं जगभर तेच चाललं. पुढे स्नायू राखायला लागले. मग इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी 1970 च्या दशकात बायकांच्या वेगवेगळ्या गटांवर चाचण्या सुरू केल्या : एका गटात पूर्ण स्तन काढायचा, दुसऱ्यात फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून रेडिएशन द्यायचं. वीस वर्षांचे निकाल 2002 साली आले. वेळेत सापडलेल्या आजारात दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या होत्या. सर्जनांनी आपलं कटिंग बदललं. आपण बदललं नाही.

त्याचा अर्थ असा की आज माझ्यासमोर येणाऱ्या छात्या एका मापाच्या नसतात. कुणाचा एक स्तन पूर्ण गेलेला असतो. आपल्याकडे बायका उशिरा दवाखाना गाठतात, त्यामुळे अशा पुष्कळ आहेत. कुणाचा पाव भाग गेलेला असतो आणि राहिलेला भाग रेडिएशनने आधी सुजतो, मग वर्ष-दोन वर्षांत आकसून घट्ट होतो. कुणी पाठीचा स्नायू पुढे आणून स्तन पुन्हा घडवून घेतलेला असतो. तिचा पाठीवरचा व्रण सर्जन मुद्दाम ब्राच्या पट्ट्याखाली लपेल असा घेतात, आणि मग तोच पट्टा त्या व्रणावर घासतो. तुमच्या आकड्यांत, 34 बी नि 36 सी मध्ये, डावं-उजवं नसतं. बाजारातल्या स्वस्त मालावर तर बीसीही नसतं, नुसता 34. मी प्रत्येक बाईची दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी लिहिते. कारखान्यात ते जमणार नाही, कबूल. पण दोन्ही कपांत आतून खिसा दिला, तर जिला जेवढा भराव हवा तेवढा ती तिचा घालील, आणि जिला नको ती खिसा रिकामा ठेवील.

हा भराव नसला की काय होतं, ते शोभेपुरतं नसतं. एका बाजूचं वजन गेलं की ब्रा त्या बाजूने गळ्याकडे चढते, बाई नकळत तो खांदा पुढे घेऊन वाकून चालते, आणि वर्षभरात मान नि पाठ धरते. म्हणून बायका काहीतरी भरतातच. रुमाल, जुन्या साडीचे बोळे, कापूस. एकीने मोहरीची पुरचुंडी केली होती. वजनाला आणि आकाराला ती उत्तम बसत होती, खरं सांगते. दुसरीने तांदूळ भरले, त्यांना पावसाळ्यात किडे झाले. सिलिकॉनचे चांगले कृत्रिम स्तन मिळतात, पण त्यांची किंमत हजारांत जाते, मोठ्या मापाचा अर्धा किलोच्या आसपास भरतो, आणि एप्रिलमध्ये त्याच्याखाली घाम साठून पुरळ उठतं. ज्यांना तो मानवतो त्यांनी जरूर वापरावा. बाकीच्यांसाठी क्रोशाने विणलेले सुती स्तन आहेत. ‘निटेड नॉकर्स’ या नावाने अमेरिकेत सुरू झालेलं हे काम आता आपल्या देशातही स्वयंसेविका करतात आणि ते मोफत देतात. हलके असतात, धुता येतात. पण हलका म्हणजे वर चढणारा, म्हणून त्याच्या तळाशी मण्यांची छोटी पिशवी घालावी लागते. आणि कुठलाही भराव घ्या, तो धरून ठेवायला खिसा लागतो. तुमच्याकडून फक्त तो खिसा हवा आहे.

खिसा कसा हवा, हे मला रुथ हँडलरपेक्षा शेतातल्या बायकांनी जास्त शिकवलं. हँडलर म्हणजे बार्बी बाहुली काढणाऱ्या त्या बाई. 1970 साली त्यांचा एक स्तन काढला, दुकानात मिळणारे नकली स्तन बघून त्या वैतागल्या आणि स्वतःच ‘निअरली मी’ नावाने बनवायला लागल्या, डाव्यासाठी वेगळा, उजव्यासाठी वेगळा. मोठं काम केलं. पण त्यांच्या गिऱ्हाइकाला उकिडवं बसून भांडी घासायची नव्हती. आमची बाई केर काढते, खुरपायला बसते, हंडा उचलते. ती वाकली की भराव गळ्याकडे निसटतो. तो बाहेर पडला तर काय, या भीतीने ती चारचौघांत वाकतच नाही. खिशाचं तोंड वरच्या बाजूला ठेवलं तर हे होणारच. मी ते बगलेकडे, तिरकं ठेवते आणि तोंडावर कापडाचा दोन बोटांचा पदर चढवते, उशीच्या अभ्र्याला असतो तसा. वरचा काठ उंच घेतला तर भराव आणखी नीट बसतो, पण मग तो काठ ब्लाउजच्या गळ्यातून दिसतो. ही ओढाताण मला पूर्ण सोडवता आलेली नाही. तुमच्याकडे शिकलेली मुलं आहेत, ताणणारी कापडं आहेत, मशिन आहेत. त्यांना लावा कामाला.

पदराचंही एक आहे. आपण पदर डाव्या खांद्यावर घेतो. डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर पदर झाकून नेतो, उजव्या बाजूचं असेल तर सगळी उघडी बाजूच तीच. उजवीकडच्या बायका म्हणूनच गुजराती पद्धतीचा पदर घ्यायला लागतात, किंवा साडी सोडून पंजाबी ड्रेस आणि रुंद ओढणी. डावीकडच्यांना वेगळा त्रास. जरीच्या पदराचं सगळं वजन आणि वर पिन, त्याच दुखऱ्या खांद्यावर. जगातल्या कुठल्याही डिझायनरच्या वहीत हे लिहिलेलं नसणार, कारण त्याच्यापुढे साडी नेसलेली बाई नाही. तुमच्यापुढे आहे.

आणि ज्या बाईने जन्मात ब्रा घातली नाही तिचं काय? खेड्यातल्या साठी-पासष्टीच्या पुष्कळ बायका आत काही घालत नाहीत, नऊवारी आणि चोळी, संपलं. ऑपरेशननंतर तिला कुणी ब्रा आणून दिली की ती दोन दिवसांत खुंटीला जाते. तिच्यासाठी मी खिसा चोळीतच, अस्तरात शिवते. हे काम तुमचं नाही, गावोगावच्या शिंप्यांचं आहे. पण तयार ब्लाउज बनवणारेही हे पत्र वाचतील, अशी आशा आहे.

काही जणींना भराव नकोच असतो. त्यांना सपाट राहायचं असतं, एका बाजूने किंवा दोन्ही. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी 1980 साली आपल्या आजारावर पुस्तक लिहिलं, त्यात एक प्रसंग आहे. ऑपरेशननंतर त्या काही न भरता डॉक्टरांकडे गेल्या, तर तिथल्या नर्सने त्यांना सुनावलं की असं आलात तर इतर पेशंटचं मनोधैर्य खचतं. आपल्याकडे ते काम नर्सला करावं लागत नाही, शेजारणी पुऱ्या पडतात. सपाट राहणाऱ्या बाईला कप नसलेली, चुण्या न पडणारी, व्रणाला सांभाळणारी मऊ बंडी हवी. ती बनवायला सगळ्यात सोपी आणि मिळायला सगळ्यात अवघड.

तुम्ही विचाराल, गिऱ्हाईक किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा 2022 चा अंदाज आहे की भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना नव्याने स्तनाचा कॅन्सर होतो. आपल्या देशातल्या बायकांमध्ये हाच कॅन्सर आज पहिल्या क्रमांकावर आहे. त्यातल्या सगळ्यांचं ऑपरेशन होत नाही, पण फार मोठ्या वाट्याचं होतं, आणि आधीच्या वर्षांतल्या बऱ्या झालेल्या बायका त्यात मिळवा. एवढ्यावर धंदा होत नाही म्हणत असाल, तर पुढच्या हुकाची गरज आणखी कुणाला आहे ते मोजा. मधुमेहाने खांदा आखडलेल्या बायका. अर्धांगवायूने एक हात गेलेल्या. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या. बायपास होऊन छातीचं हाड शिवलेल्या. त्यांना तर स्तनांचं वजन जखमेवर ओढू नये म्हणून आधार लागतोच. अंगावर पाजणाऱ्या आहेत. आणि सत्तरीपुढच्या सगळ्या. माझी सासू धडधाकट असूनही म्हणायची, हे पाठीमागचं कुलूप कुणी काढलं कुणास ठाऊक.

अमेरिकेत 1998 साली कायदा झाला की जी विमा कंपनी स्तन काढण्याचा खर्च देते तिने कृत्रिम स्तनाचा खर्चही दिला पाहिजे. म्हणजे तिथे ही वस्तू उपचारात धरली गेली. आपल्या सरकारकडे आणि विमा कंपन्यांकडे हे मागणारं दुसरं पत्र लिहायला हवं, आणि ते माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी लिहावं. माझ्याकडे येणाऱ्या बायका हे पैसे घरखर्चातून काढतात. म्हणून किंमत तुमच्या हातात आहे म्हणते. ‘सर्जिकल’ असा शिक्का मारून, डबा बदलून, तिप्पट भाव लावू नका. हा माल औषधाच्या दुकानात, कमरेचे पट्टे नि कुबड्या यांच्या शेजारीही ठेवू नका. तो नेहमीच्या ब्रांच्या फळीवर, नेहमीच्या भावात ठेवा, म्हणजे बाईला कारण सांगावं लागणार नाही.

आणि डिझाइन करणाऱ्या मुलामुलींना मुंबईला परळला टाटा हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या कुठल्याही कॅन्सर रुग्णालयाच्या परवानगीने, तिथल्या नर्सबाईंबरोबर, एक दिवस बसवा. मॉडेलच्या अंगावर माप बसतंय का हे बघून काही कळणार नाही. नमुना शिवून झाला की डिझायनरने स्वतः एक हात कमरेला बांधून तो घालून बघावा. मुलगा असला तरी.

पुढच्या मालात एवढं तरी करा : पुढून उघडणारी, बिनतारेची, सुती अस्तराची, उंच बगलेची, दोन्ही कपांत खिसा असलेली एक ब्रा, 32 पासून 44 पर्यंत, चारशे रुपयांच्या आत. माझ्याकडे पाच मापांचं पेपर कटिंग तयार आहे, खिशाचं आणि ड्रेनच्या पिशवीचंही. ज्याला हवं त्याने मागून घ्यावं. पैसे नकोत, नाव घालायची गरज नाही. कापताना मुंढा मात्र कमी करू नका.

आपली,
शिवणक्लासच्या बाई, मिरज